चिरंजीव दीडपट वेगानं शिकतात

"ऐकलंत का काकू, आमचे चिरंजीव आता कॉलेजात जात नाहीत. कॉलेजच त्यांच्या उशाशी येतं."

भिंतीपलीकडच्या काकू कढीपत्ता खुडत होत्या. केमिस्ट्रीच्या निवृत्त प्राध्यापिका. रिटायर झाल्या, पण समोरच्याची परीक्षा घ्यायची सवय काही गेली नाही.

"म्हणजे दांड्या मारतो, असं सरळ म्हण की."

"तसं नाही हो. एनपीटेलचा कोर्स घेतलाय. आयआयटीचे सर शिकवतात, हा लोळत ऐकतो. तेही दीडपट वेगानं! सर असे बोलतात, जणू त्यांची गाडी सुटतेय."

"अगं, ते काय आजचं आहे? आयआयट्यांनी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीनं मिळून 2003 मध्ये सुरू केलं. मग 2017 साली सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल 'स्वयम्' आलं. आणि 2021 पासून तर यूजीसीनं मुभाच दिलीय. एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात, त्याची क्रेडिट्स कॉलेजात धरतात."

"मग कॉलेजची फी 40 टक्के कमी का नाही करत?"

काकू एवढ्या हसल्या की मूठभर कढीपत्ता खाली सांडला. "हे तू प्रिन्सिपलना विचार. मला बघायचंय त्यांचं तोंड."

"व्हिडिओ फुकट आहेत म्हणे, परीक्षेचे तेवढे हजारभर रुपये. पण काकू, एक गंमत सांगू? दर आठवड्याला त्याला गृहपाठ असतो. मुदत संपायच्या आत उत्तरं यूट्यूबवर हजर! कोण टाकतं देव जाणे. आमचा पठ्ठ्या चहा पिता पिता टिकमार्क करून मोकळा."

"त्यांना का ते ठाऊक नाही? म्हणून तर गृहपाठाला 25 मार्क आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. तिथं यूट्यूब नसतं."

मी जरा गप्प बसले. मग सबमिशनचं काढलं. फाइल बघावी तर भाषा अशी, की घरात दुधाचा हिशोब धड न लिहिणारा पोरगा हाच का, असा प्रश्न पडावा. 2022 च्या नोव्हेंबरात ते चॅटजीपीटी आलं आणि सगळ्या वर्गाचं इंग्रजी एकदम सुधारलं.

"आमच्या वेळी काय सगळे हरिश्चंद्र होते?" काकू म्हणाल्या. "टायट्रेशनचं उत्तर सीनियरच्या जर्नलमधून काढायचं, मग उलटं गणित करून ब्युरेटचं रीडिंग लिहायचं. अख्ख्या बॅचचं रीडिंग 9.8! मी सह्या करत गेले. पण निदान हातानं उतरवायची गं. उतरवताना चार ओळी डोक्यात शिरायच्या. आता तेवढीही वाट बंद."

"पण चोरी पकडणारं सॉफ्टवेअर असतं ना?"

"ते जुन्या मजकुराशी जुळवून बघतं. पीएचडीच्या प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, असा 2018 चा नियम आहे. आता यंत्रानं कोरं करकरीत लिहून दिलं तर जुळवणार कशाशी? यंत्राचं लिखाण ओळखणारी यंत्रंही निघाली. ज्या ओपनएआयनं चॅटजीपीटी काढलं, तिनंही एक काढलं. आणि नेमकं ओळखत नाही म्हणून 2023 च्या जुलैत स्वतःच बंद केलं. घे!"

काकूंना हे सगळं तारीखवार कसं माहीत असतं, ते मी विचारत नाही. त्यांची दुपार मोबाइलवर जाते आणि आळ मात्र नातवावर येतो.

"म्हणजे हे सगळं वाईटच म्हणायचं?"

"मुळीच नाही. आपल्या दूधवाल्याची मुलगी बघ. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करते. तिथं शिकवायला माणूस नाही, म्हणून ती आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल लावून मराठीतून सी प्रोग्रॅमिंग शिकली. छोटे छोटे व्हिडिओ असतात. बघायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचं. ती थांबते गं. तुझा दीडपट वेगानं पळतो."

हे मला लागलं, पण खरंच होतं.

"मग काकू, मास्तरांनी आता करायचं काय?"

"ओरल! समोर बसवायचं. हे तू लिहिलंस ना? मग ही ओळ का घातलीस? काढली तर काय बिघडेल? दहा मिनिटांत पितळ उघडं."

"एवढं सोपं आहे तर घेत का नाहीत?"

"हिशोब कर. वर्गात 60 पोरं, दहा-दहा मिनिटं. एका विषयाचे दहा तास झाले. घेणार कोण? निम्म्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसं आणायची. तो बिचारा सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. त्याला तासाचे पैसे मिळतात, पोरांशी बोलत बसायचे नाहीत. संस्थेला मात्र स्मार्ट बोर्ड घ्यायला पैसा असतो, कारण त्याचा फोटो माहितीपत्रकात छापता येतो."

मग मुंबई विद्यापीठाचा विषय निघाला. 2017 साली उत्तरपत्रिका स्कॅन करून स्क्रीनवर तपासायचं ठरलं, पुरेशी तयारी न करता. निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना घरी जावं लागलं. काकूंचं म्हणणं, कल्पना वाईट नव्हती. तपासणाऱ्या माणसांना आधी कुणी विचारलंच नाही.

"यंत्र आणताना कुणी मास्तराला विचारत नाही," त्या म्हणाल्या. "नंतर खापर मात्र त्याच्याच डोक्यावर."

आतून कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. काकू निघाल्या आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "आणि हे बघ, पुढच्या वर्षी धाकटीच्या अ‍ॅडमिशनला जाशील ना, तेव्हा कॉम्प्युटर मोजत बसू नकोस. कायमचे मास्तर किती आणि ओरल कोण घेतं, एवढं विचार. तिथं ऑफिसातला माणूस चाचरला, तर फॉर्म न भरता सरळ घरी ये."