पहाटेचा दिवा

अहो वहिनी, जरा इकडे या. तगरीच्या बाजूने या, तिकडे चिखल आहे. आमच्याकडे पहाटे साडेपाचला दिवा का लागतो, हे तुमच्या ह्यांनी वॉचमनला विचारलं म्हणे! मलाच विचारायचं की.

सूनबाई उठते. आपले साडेपाच म्हणजे टोकियोत नऊ, आणि सोलमध्येही नऊच. तिथली ऑफिसं उघडली की हिचा फोन टुणटुण करायला लागतो. नोकरी नाही हो, घरबसल्या भाषांतर. मानसशास्त्रातलं संशोधन जपानीतून नाहीतर कोरियनमधून इंग्रजीत न्यायचं, कधी उलट. जपानी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, कोरियन मागाहून. पैसे? जपानीचे अक्षरं मोजून, इंग्रजीचे शब्द मोजून. वाण्यासारखंच. आता एक एजन्सी म्हणते, मशीनने केलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा, अर्धेच पैसे देऊ. मशीनचं निस्तरायला हिला दुप्पट वेळ लागतो तो लागतोच!

परवा जेवताना सांगत होती. स्किझोफ्रेनियाला जपानीत पूर्वी मन दुभंगण्याचा आजार म्हणायचे. घरच्यांना ते लागायचं, साहजिक आहे. 2002 साली नाव बदललं. मनाची सांगड विसकटते, अशा अर्थाचं नवं ठेवलं. कोरियातही जुनं नाव तसलंच होतं. तिथे 2011 मध्ये बदललं, आणि काय ठेवलं सांगू? जोह्यनब्यंग. वाद्याच्या तारा जुळवतात ना, त्यावरून. किती छान! तंबोरा उतरला तर कुणी तो फेकून देतं का? पण इंग्रजीत जुनं-नवं दोन्ही स्किझोफ्रेनियाच. मग नाव बदलल्याने लोकांची नजर बदलली का, यावरच पेपर असला की हिची पंचाईत. दोन्हीकडे तोच शब्द लिहिला तर पेपरात उरलं काय?

प्रश्नावली आली की ते आणखी वेगळं. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. स्वेटर उसवून पुन्हा विणल्यासारखं. का? तर इंग्रजीत उदास माणूस निळा होतो म्हणे. आपल्याकडे निळा म्हटलं की कृष्ण! आणि जपानीत त्या निळ्याच्याच शब्दात हिरवाही बसतो, सिग्नलचा हिरवा दिवासुद्धा.

जपानीत 'अमाए' म्हणून एक शब्द आहे. त्यावर ताकेओ दोई नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने 1971 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्रजीत नेताना शीर्षकात आलं 'डिपेंडन्स', म्हणजे अवलंबून राहणं. मी म्हटलं, छे! आमचा नातू स्वतः जेवता येत असून मांडीत येऊन 'आजी, भरव' म्हणतो, कारण आजी नाही म्हणणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेच ना ते? तर म्हणाली, आई, अगदी तेच. मी चार घास जास्तच खाल्ले त्या दिवशी.

पण खरी गंमत पुढेच. कोरियन बायकांमध्ये एक आजार सांगतात, ह्वाब्यंग. ह्वा म्हणजे आग. वर्षानुवर्षं राग गिळला की छातीत दडपतं, अंगातून वाफा येतात, पोटातून गोळा वर चढतो. जास्त करून आपल्या वयाच्या बायका. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या जाडजूड पुस्तकात 1994 साली ह्याची नोंद होती, 2013 च्या यादीतून गळली. गळली म्हणून बायकांचा राग थोडाच गेला? तुमच्या नणंदेला व्हायचं ते हेच असणार. डॉक्टर बिचारे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देत राहिले.

सूनबाईने विचारलं, आई, मराठीत काय म्हणाल ह्याला? मी पटकन म्हटलं, धुमसणं. तिने वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. त्याचे तिला कोण पैसे देणार, देव जाणे. मग पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही कुणावर धुमसता?"

मी म्हटलं, गवार निवडायची राहिलीय.