गुंठेवारीचे नगरशास्त्र

महाराष्ट्रातील लहान शहरांनी घरटंचाईवर शोधलेला उपाय नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात नसून गुंठेवारीत, म्हणजे अकृषिक परवानगी आणि मंजूर रेखांकन यांच्या फंदात न पडता शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने, अर्थात एकराच्या चाळिसाव्या भागाने, विकण्याच्या व्यवहारात आहे. जमिनीचे असे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदी कायदा झाला आणि पडलेले तुकडे नियमित व्हावेत म्हणून २००१ साली गुंठेवारी कायदा आला; त्याची १ जानेवारी २००१ ही मर्यादा पुढे २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली, आणि मधली वीस वर्षे परवानगीची वाट पाहत भाड्याच्या खोलीत राहिलेला नागरिक किती अदूरदर्शी होता, हे शासकीय मोहोरेनिशी सिद्ध झाले. प्रधानमंत्री आवास योजनेतील वैयक्तिक घरकुल हा घटक, म्हणजे लाभार्थ्याने स्वतः बांधायच्या घराला मिळणारे अनुदान, जागेच्या मालकीचा कागद आधी मागतो, त्यामुळे ज्याच्याकडे केवळ मुद्रांकावरचे खरेदीखत आहे, असा गरजू त्याबाहेर राहतो. (२०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली होती, पण टंचाईच्या चर्चेत कुलपांचा विषय काढणे शिष्टसंमत नाही.) दरम्यान शहराच्या वेशीवर चुन्याच्या रेघा पुन्हा पडतात, आणि गिऱ्हाइकाला भूखंडाच्या दराबरोबर पुढच्या मुदतवाढीचा अंदाजही तोंडी सांगितला जातो.