आधी गरज, मग चिंधी

आमच्या घरात माझ्या शर्टाचं आयुष्य कॉलर कधी विरते यावर ठरत नाही, मुलीची परीक्षा कधी संपते यावर ठरतं. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या कपाटासमोर उभी राहते आणि एकेक हँगर सरकवत जाते. जत्रेच्या आदल्या दिवशी बोकडाकडे बघावं, तसं तिचं ते बघणं असतं.

"बाबा, हा तू घालतोस?"

"घालतो की."

"शेवटचा कधी घातला होतास?"

या प्रश्नाचं उत्तर देणारा पुरुष अजून जन्माला यायचाय. आम्ही थप्पीतला सगळ्यात वरचा शर्ट घालतो. खालचा कधी घातला होता, हे बायकोला विचारावं लागतं, आणि ती तोवर फितूर झालेली असते. "घे तो. बाबांना तसाही पोटावर ताणतो," असा स्वयंपाकघरातून आवाज येतो आणि कात्री चालू लागते.

हे सगळं काटकसरीच्या नावाखाली चालतं. बाजारातली महागडी पिशवी घरच्या घरी फुकट, असा एकूण सिद्धान्त. टी-शर्टची पिशवी तर खरोखर फुकट होते, हे मी माझा टी-शर्ट गमावूनही मान्य करतो. बाह्या कापायच्या, गळा खोलवर कापायचा. खांद्याच्या पट्ट्या उरतात ते झाले बंद. खालच्या कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून पुढची पट्टी मागच्या पट्टीला गाठ मारून बांधायची. सुई नको, दोरा नको. होजिअरीचं कापड कापलं तरी त्याचे धागे सुटत नाहीत, कडा नुसती गुंडाळी होऊन बसते, म्हणून हे जमतं. शेजारशेजारच्या गाठी मात्र एकमेकींना बांधाव्या लागतात, नाहीतर मधल्या फटींतून लिंबं रस्त्यावर घरंगळतात. आणखी एक: होजिअरी ताणते. मंडईतून दोन किलो बटाटे घेऊन निघालो तेव्हा पिशवी कमरेशी होती. घर आलं तेव्हा घोट्याशी. त्यात तिच्यावर माझ्या ऑफिसच्या रक्तदान शिबिराची जाहिरात, तीही उलटी.

टी-शर्टनंतर पाळी जीन्सची. जुन्या जीन्सचे खिसे कापून कपाटाच्या दाराला आतून लावले, की त्यात कंगवे, चार्जर, किल्ल्या असं काहीही राहतं. कल्पना उत्तम. फक्त आईच्या मशीनला ती विचारलेली नव्हती. जीन्सला सोळा नंबरची सुई लागते आणि जिथे शिवणीवर शिवण येते तिथे पाय उचलून, चाक हाताने फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो. मुलीने पायडल मारलं ते थेट एक्स्प्रेसवेवर असल्यासारखं. सुई मोडली, अर्धी सापडली. उरलेली अर्धी सापडेपर्यंत घरात सगळे चपला घालून वावरत होते, आणि देवघरात चपला चालतील का यावर स्वतंत्र चर्चा झाली.

आता हिशेब. आमच्याकडे तो बायको ठेवते. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या खाड्यांच्या खाली, तिने जुन्या साडीच्या चार अभ्र्यांचा जमाखर्च मांडलाय. कापड: ०. नवी कात्री ४५०, कारण कापडाची कात्री कुणीतरी कागदाला लावली होती. लेस २२०. ग्लू गन ३५०. रिक्षा २८०. आणि अभ्रे झाल्यावर लक्षात आलं की त्या मापाच्या उश्याच घरात नाहीत, म्हणून उश्या ६४०. एकूण १,९४०. याखाली तिने 'बचत' असा शब्द लिहून पुढे जागा मोकळी सोडलीय.

पुण्यात राहून हा खर्च टाळणं अवघड आहे, हेही सांगायला हवं. बोहरी आळीत माणूस एका हुकासाठी शिरतो आणि बिजागऱ्या, सँडपेपर, दोन प्रकारचे स्क्रू आणि कशासाठी आहे हे न समजलेलं एक स्टीलचं अवजार घेऊन बाहेर पडतो. तुळशीबागेत लेस मीटरवर मिळते, आणि 'एकच मीटर द्या' म्हणायचा धीर आमच्या घराण्यात कुणालाच नाही. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून आम्ही स्वस्तात एक लाकडी शिडी आणली. तिला घासून, रंग देऊन पुस्तकांचं शेल्फ करायचं होतं. ती अजून शिडीच आहे. सध्या तिचा उपयोग माळ्यावर चढून, शेल्फ करण्यासाठी आणलेलं बाकी सामान ठेवायला होतो.

हे सगळं आई खुर्चीत बसून, वाती वळत बघत असते. तिने आयुष्यात 'प्रकल्प' असा एकही केला नाही आणि तिच्या हातून कापडाचा एक तुकडा वाया गेला नाही. तिच्याकडे प्रत्येक कपड्याची निवृत्तियोजना आधीच ठरलेली असायची. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते मधे विरलं की विरलेला भाग कापून दोन टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणत. लुगडं आणखी वर्षभर चालायचं. मग त्याची झबली, दुपटी, अभ्रे. मग गोधडीचा थर. मग तीन पट्ट्यांची वेणी घालून, ती गोल गुंडाळून शिवलेलं पायपुसणं. मग फरशीचं फडकं. आणि शेवटी बंब पेटवायला बोळा. कपडा या घरातून बाहेर जायचा तो धूर होऊन.

यातली गोधडी हे मोठं काम. साड्या जमिनीवर अंथरायच्या, सुरकुत्या हाताने सारायच्या, कडा टाचून घ्यायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत यायचं. सांगली-कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात. चार बायका चार बाजूंना बसल्या की हात सुईवर आणि तोंड गावावर चालायचं. आमच्या घरच्या गोधडीत किती लोकांच्या सोयरिकी आणि किती लोकांच्या अब्रू शिवल्या गेल्यात, त्याची मोजदाद नाही.

मधली पिढी म्हणजे आम्ही. आम्हाला शाळेत कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात आम्ही आइस्क्रीमच्या काड्यांचं घर केलं, जे घरात ठेवायला जागा नव्हती. बायकोच्या रुखवतात बटणांचा हंस होता, लोकरीचा कुत्रा होता, काचेच्या नळ्यांचं तोरण होतं आणि सुपारीचं एक जोडपं होतं. लग्नाच्या हॉलमध्ये दोन तास मान वर करून मिरवलेली ही मंडळी त्यानंतर थेट माळ्यावर गेली. सुपारीतल्या वराचं डोकं झुरळांनी खाल्लं; वधू शाबूत आहे. बायकोच्या मते यात काही नवल नाही. त्या काळातली एकच वस्तू कामाची निघाली: प्लॅस्टिकच्या वायरची विणलेली पिशवी. ती आजही धडधाकट आहे. आमच्या पश्चात ती नातवंडं वापरतील.

तर आई गरजेपोटी करायची, आम्ही मांडून ठेवायला केलं, आणि मुलगी फोटो काढायला करते. एकदा आईने हे सगळं चार शब्दांत सांगून टाकलं: "आधी गरज, मग चिंधी." म्हणजे आधी पायपुसणं हवंय हे ठरतं, मग कपाट उघडायचं. आमच्याकडे कपाट आधी उघडतं आणि मग त्या चिंधीला साजेशी गरज घरभर शोधत हिंडतात. आमच्या घरात रिमोटला टोपरं आहे. पाण्याच्या बाटलीला जाकीट आहे. मिक्सरला झालरीचा फ्रॉक आहे, त्यामुळे चटणी वाटायच्या आधी त्याचे कपडे उतरवावे लागतात.

मुलीने हे वाक्य ऐकून घेतलं आणि कापड रंगवायला घेतलं. माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर आमटीचा डाग पडला होता. डाग हळदीचा, तर सगळा कुर्ताच हळदीत बुडवला की डाग दिसणार कसा? या तर्कात खोट काढता येत नाही. कुर्ता झगझगीत पिवळा निघाला. फक्त शिवण पांढरीच राहिली, कारण कापड सुती असलं तरी शिवलेला दोरा पॉलिएस्टरचा, आणि तो हळदीला दाद देत नाही. त्यामुळे मला कुठे कुठे शिवलंय याचा नकाशा अंगावर आला. मग तो उन्हात वाळत घातला. हळदीचा रंग उन्हात उडतो. गॅलरीच्या बाजूची बाही लिंबाच्या सालीसारखी फिकट झाली, भिंतीकडची तशीच पिवळीधमक. ते सारखं करायला धुतला, तर साबण लागेल तिथे लालभडक.

मुलगी घाबरली. आई म्हणाली, "त्यात काय? हळदीत चुना घातला की कुंकू होतं. साबणही खारच. लिंबू पिळ, परत पिवळं होईल." पिळलं, झालं. स्वयंपाकघरात बसून रसायनशास्त्राचा अख्खा धडा असा दहा पैशांच्या लिंबात उरकला. लिंबू हल्ली दहा रुपयांना आहे, पण आई अजून जुन्याच दराने शिकवते.

त्यानंतर तिनेच कांद्याची सालं जमवायला लावली. सुती कापड आधी स्वच्छ धुवायचं, तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, मग सालं उकळून गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचं. तुरटी रंगाला कापडात धरून ठेवते. छान तांबूस-पिवळा रंग येतो आणि बऱ्यापैकी टिकतो. घरभर पाच दिवस भज्यांचा वास येत होता, आणि भजी मात्र कुणी केली नाहीत, एवढीच माझी तक्रार.

पण खरा चमत्कार घडला तो ब्लाउजपीसांच्या बाबतीत. मराठी घरात पैसा फिरत नाही एवढा ओटीचा ब्लाउजपीस फिरतो. हळदीकुंकू, डोहाळजेवण, मुंज, बारसं, कुठूनही तो येतो, आणि त्याचा ब्लाउज कुणीही शिवत नाही, कारण तो रंग कुठल्याच साडीला जात नाही. मग तो पुढच्या ओटीत जातो. आमच्याकडे एक पोपटी पीस आहे. तो बायकोने वहिनीला दिला, वहिनीने मावशीला, आणि मावशीने आईला. दोघी-तिघींच्या भरल्या ओट्या बघून तो सुखरूप परत आला. असे पीस आमच्याकडे बॅगभर होते.

गरजही होती. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून मंडईला जाताना माणूस पाकीट विसरतो तेवढ्याच नेमाने पिशवी विसरतो. म्हणजे या वेळी गरज आधी आणि चिंधी नंतर, असा योग जुळून आला. आईने खुर्ची मशीनजवळ ओढून घेतली. ऐंशी सेंटीमीटरचा एक पीस बाहेरून, दुसरा आतून अस्तर. आधी सुलट बाजूने टीप मारायची, मग उलटवून दुसरी, म्हणजे सुटे धागे आत कोंडले जातात. तळाचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून तिरकी टीप मारली की पिशवीला बूड येतं आणि ती उभी राहते. बंद नुसते जोडायचे नाहीत. जोडाच्या जागी टीपेचा चौकोन करायचा आणि चौकोनात फुली मारायची. सगळा भार त्या फुलीवर असतो. लेस नाही, ग्लू गन नाही, रिक्षा नाही. बायकोने कॅलेंडरवर 'बचत'पुढची रिकामी जागा पहिल्यांदा भरली.

आता या सगळ्याला मार्क कोण देणार? घरचे एकमेकांचं कौतुक करतात, पाहुणे तोंडदेखलं छान म्हणतात. खरी परीक्षक एकच: बोहारीण. दुपारी ती टोपली घेऊन पायरीवर टेकली, तेव्हा मुलीने मोठ्या ऐटीत आपला स्कर्ट बाहेर आणला. तीन साड्या कापून, जोडून, घेर देऊन केलेला. तो फिरवून फिरवून बघत बोहारीण म्हणाली, "या तीन साड्या आख्ख्या दिल्या असत्यात तर पातेलं दिलं असतं. आता याची वाटीपण येत नाही." कलाकुसर केल्याने मालाची किंमत कशी उतरते, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी तिला दिसली. आतून पोपटी. तिने बंदाला दोन्ही हातांनी हिसका दिला. पुन्हा दिला. उलटी करून शिवण बघितली, फुलीवरून अंगठा फिरवला आणि टोपलीतला एक लहान स्टीलचा डबा काढून पुढे ठेवला.

"ही द्या, बाई. माझ्या गाठोड्याला होईल."

मुलगी हरखून माझ्याकडे बघायला लागली. आईने डबा उचलला, नखाने टिचकी मारून जाडी ऐकली आणि म्हणाली, "एवढ्यात नाही जमायचं. झाकणाचा दे."