आत्याबाईंची वाकळ

लातूर-नांदेडकडच्या प्रत्येक गोतावळ्यात एक आत्याबाई असतात. त्यांचा डोळा कायम दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्यावर. तुम्ही पाया पडायला वाकलात की आशीर्वाद देता देता त्या सदऱ्याची कॉलर चिमटीत धरून बघतात. "विरत आलाय की रे. आणखी किती दिवस घालणार?"

जुन्या लुगड्याचं अस्तर अंथरावं, थरावर थर रचावेत, वर तुकडे मांडावेत आणि कडेपासून आत येत धावदोरा घालावा. इतपत वाकळ कुणीही शिवील. आत्याबाईंची हुशारी आहे ती मांडणीत. उशाकडे माहेर: भावाचा पटका, आईच्या इरकलीचा काठ. मधे लेकरांची झबली-टोपडी. सासर सगळं पायथ्याला. मानपानात विहिणीनं टेकवलेलं हलकं पातळ बरोबर टाचेखाली येतं. हे विहीणबाईंनाही ठाऊक आहे. मुक्कामाला आल्या की त्या वाकळ उलटी करून पांघरतात.

प्रत्येक तुकड्याची कुंडली तोंडपाठ. हा सदरा घालून जावई मुलगी बघायला आला होता. तेव्हा तो 'बँकेत आहे' म्हणाला होता, बँकेत खातं आहे हे नंतर कळलं. हे चारचौघांत, जावयासमोर, तुकड्यावर बोट ठेवून.

फक्त एका निळ्या लोकरी चौकोनाचा धनी त्यांना माहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना मदतीच्या गाडीतून कुणाचा तरी स्वेटर मिळाला, त्याचा हा तुकडा. नात्याचा ना गोत्याचा, पण लावलाय उशाला, भावाच्या पटक्याशेजारी.

भिजली वाकळ पिळायला दोन गडी लागतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा "आलंच आहे तर वाकळ तेवढी काढू का धुवायला?" असं विचारून त्यांनी घरादाराची झोप उडवली होती.

पुण्यात चित्रकला शिकणारी भाची परवा म्हणाली, "आत्या, याला मिक्स्ड मीडिया म्हणतात. अमेरिकेत फेथ रिंगगोल्ड नावाच्या बाईंनी १९८३ पासून अशा गोधड्यांवर चित्रं काढली, गोष्टी लिहिल्या. संग्रहालयात टांगल्यात त्या."

"लिहिल्या? तोंडपाठ नव्हत्या का तिला?" आत्याबाईंनी सुईत दोरा ओवला. "आन् टांगल्यात, तर मग पांघरतंय कोण? आसं काय बघू लालीस? तुझी ती ओढणी जुनी झाली न्हाई का?"

भाचीनं विषय बदलला, पण ओढणी पुण्याला परत गेली नाही.

तेव्हा मंडळी, तिकडं मुक्काम पडलाच तर आवडता सदरा रात्रीही अंगातच ठेवा. आणि पांघरायला वाकळ मिळाली, तर आपला तुकडा उशाला आहे की पायथ्याला, एवढं दिवा मालवण्याआधी बघून घ्या.