दहा रुपयांची निळाई

पांढऱ्या कपड्यांना पुडीतली नीळ घालणारी घरं आता मोजकीच उरली असतील. नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलच्या पेठेत मात्र ती पुडी अजून मिळते, काडेपेट्या आणि गुळाच्या मधोमध, जरा धूळ खाल्लेली. दुकानदाराने पुडी पुढे सरकवत विचारलं, "शाळेचे गणवेश का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही, नाताळ." त्याने पुडी परत उचलून उलटसुलट करून पाहिली, आपण नेमकं काय विकतोय ते त्यालाही आता बघायचं होतं.

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या, दवाखान्यात नोकरीला. माहेर नाशिकचं, शरणपूरचं. तिथला नाताळ मराठी वळणाचा, करंज्या-चकल्यांसकट. पण यंदा त्यांच्या भाचीने फोनवर एक फोटो धाडला होता. नाताळाच्या झाडाला टांगायच्या पांढऱ्या गोळ्यांवर निळी वेलबुट्टी, पवनचक्क्या, आणि खाली किंमत. त्या किमतीत आमच्याकडे एक बऱ्यापैकी कोंबडी येते. "असले गोळे आपण घरी करू," सिस्टर म्हणाल्या. 'आपण' म्हणजे कोण, हे मला तेव्हाच कळलं.

या पुडीतल्या निळीचं कुळ फार वरचं आहे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांत लाजवर्दाचा दगड सापडतो. तो कुटून, धुऊन काढलेला निळा रंग युरोपात सोन्याच्या तोलाचा समजला जाई. चित्रकार तो जपून ठेवत आणि मरियेच्या झग्यापुरता बाहेर काढत. पुढे १८२४ साली पॅरिसच्या एका संस्थेने असा रंग कारखान्यात स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं, आणि १८२८ साली ते गिमे नावाच्या माणसाने मिळवलं. त्यानंतर या निळीचा जो भाव उतरला, तो थेट धोब्याच्या घंगाळापर्यंत. आता ती पुन्हा नाताळाकडे निघाली होती, दहा रुपयांत. मरियेला हरकत असायचं कारण दिसत नाही. सुताराच्याच घरची ती.

निळं-पांढरं ही मुळातच उसनी ऐट आहे. चीनमधल्या जिंगदेजेनच्या भट्ट्यांत चौदाव्या शतकात निळ्या नक्षीची भांडी होऊ लागली, तेव्हा त्यांचा कोबाल्ट इराणकडून यायचा. सतराव्या शतकात ती भांडी हॉलंडात जाऊन पोचली. डेल्फ्टच्या कुंभारांना तसली चिनी माती काही साधेना. मग त्यांनी आपल्याच भाजलेल्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवली आणि वर निळी चित्रं रेखली. चक्क नक्कल! आज ती नक्कल संग्रहालयात काचेआड बसते. झाडाला टांगायच्या काचेच्या गोळ्यांचंही तेच. जर्मनीतल्या लाउशा गावात सांगतात, की एका गरीब काचवाल्याला झाडाला बांधायला अक्रोड आणि सफरचंदं परवडेनात, म्हणून त्याने ती काचेचीच फुंकली. खरंखोटं लाउशाला ठाऊक. पण हे सगळं ऐकवल्यावर सिस्टरांना मोठाच धीर आला.

काच आम्हाला फुंकता येत नाही, लगदा येतो. या मुलखात बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे होतात, लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचेही. त्यामुळे समोरच्या मावशींना काही समजावून सांगावं लागलं नाही. जुनी वर्तमानपत्रं भिजत घातली, पिळली, उखळात कुटली, चिंचोक्याची खळ घातली. मावशींनी वर मेथीची पूड टाकली. किडे लागत नाहीत म्हणाल्या. गोळे वळले गेले. डिसेंबरचं ऊन हरसूलला उशिरा येतं आणि लवकर जातं, त्यामुळे ते वाळेपर्यंत घरात कुजकट कागदाचा वास होता. मग काचपेपर, मग भिंतीचा उरलेला पांढरा डिस्टेंपर.

खरी गंमत रंगवताना. गोल वस्तूवर रेघ ओढायची तर वस्तू एका जागी राहील कशी? त्यावर मावशींच्या नातीचा उपाय असा: गोळ्यात खराट्याची काडी खुपसायची, काडी अर्ध्या बटाट्यात रोवायची, आणि गोळ्याऐवजी बटाटा फिरवायचा. नीळ डिंकाच्या पाण्यात कालवली. कुंचला म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी, वारल्यांची असते तशी. लिंबू तेवढं खोलीबाहेर ठेवलं, कारण आंबटाशी या निळीचं जन्माचं वैर. आम्लाचा थेंब पडला की रंग उडतो आणि वर सडक्या अंड्याचा वासही येतो.

फोटोत पवनचक्क्या होत्या. नातीने पवनचक्की पाहिलेली नव्हती. तिने तारप्याचा नाच काढला. कागदावर त्या नाचाच्या वेटोळ्याला शेवट असतो. गोळ्यावर माणसं एकमेकांच्या कंबरेला धरून वरून खाली निघाली आणि बुडाशी जाऊन पुन्हा वर चढली. दुसऱ्यावर भाताची उडवी आणि तिच्याभोवती कोंबड्या. वारली चित्र गेरूवर पांढऱ्यानेच हवं, असं म्हणणारे आहेत. ती चित्रं पर्सवर, पडद्यावर, चहाच्या कपावर जाऊन बसली तेव्हा हे लोक कुठे होते कोण जाणे. सिस्टरांनी देवदूत मागितला. नातीने दोन त्रिकोणांचा माणूस काढला आणि त्याला बगळ्याचे पंख लावले. सिस्टरांनी तो बराच वेळ न्याहाळला. "पाय कशाला?" "उतरल्यावर चालेल ना," नात म्हणाली.

सूचिपर्णी झाड इकडे कुठलं? करवंदीची वाळकी जाळी उपटून आणली. तिचा फायदा असा की हूक लागत नाही, काट्यालाच दोरा अडकतो. बोटंही अडकतात.

नाताळाला ही सगळी वरात शरणपूरला गेली आणि तिथे नको तेच झालं. गोळे सगळ्यांना आवडले. वीसेक जणींनी पुढच्या वर्षीसाठी भाव विचारला. सिस्टरांनी आल्या आल्या मावशींना गाठलं. मावशी हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला जातात, हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "एका गोळ्याला अर्धा दिवस जातो. अर्ध्या दिवसाची हजेरी धरा. नातीची वेगळी." सिस्टरांनी बोटांवर हिशेब केला. तो भाचीच्या फोटोतल्या किमतीच्या बराच पुढे गेला. नीळ धरलीच नव्हती.

"मावशी, जरा कमी नाही का होणार?"

"होईल की. द्राक्षवाल्याला सांगा, तो पण कमीच देतो."

सिस्टरांनी तिथूनच नाशिकला फोन लावून भाव कळवला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीने विचारलं, "अगं आत्या, डझनावारी घेतले तर?"