ताम्रपटाचे वाचन

ज्या घरचे जेवणाचे आमंत्रण आले असता सुज्ञ मनुष्य चार घास आधीच पोटात टाकून निघतो, ते घर आमच्या वाशीमच्या ताम्रभक्तांचे. असे एक गृहस्थ आपल्याही गावात असणारच. तेव्हा अधिक वर्णनाचे प्रयोजन नाही. मोडीच्या दुकानातून तांब्याची जुनी भांडी वजनावर आणावी, चिंच-मिठाने घासून लखलखीत करावी आणि पाहुण्यांना त्यांतच जेवू घालावे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. घंगाळात आंबे भिजतात, परातीत भाकरी येतात, परंतु पाण्याचा गडू आपण तोंडाला लावणार, इतक्यात "थांबा, आधी वाचा!" अशी आज्ञा सुटते.

वाचायचे असते ते काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले अक्षर. हयात महसूल खात्यात अव्वल कारकुनी केलेल्या या गृहस्थांच्या लेखी, दाखल्यावाचून प्यालेले पाणी बेकायदा. 'भाचीस मामाकडून' एवढ्याच मजकुरावरून ते मामाची सांपत्तिक स्थिती, भाचीचे सासर आणि आहेरापायी झालेला रुसवा यांची साद्यंत हकीकत रुजू करतात. तोवर कढी निवते. एकदा तहानेने व्याकूळ होऊन मी हरकत घेतली, तेव्हा 1939 साली वाशीमलाच उजेडात आलेल्या, वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटाचा हवाला मिळाला : त्यातसुद्धा आधी संस्कृतात राजाची वंशावळ आणि मग प्राकृतात दानाचा तपशील, मग तुम्हीच कोण मोठे लागून गेलात?

गेल्या उन्हाळ्यात एका वाडग्याची कल्हई उडालेली असताना त्यात मठ्ठा वाढला गेला आणि तो हिरवट कळकला. कथील व नवसागर घेऊन दारोदार फिरणारे कल्हईवाले आता दुर्मीळ, हे खरे, पण पाहुणा तोंड वाकडे करीत असता यजमानांनी वाडगा उजेडात धरून, "अक्षरे मात्र शाबूत आहेत!" असे समाधान प्रकट करावे, याला काय म्हणावे?

खुलासा स्वयंपाकघरातून झाला. 1972 च्या दुष्काळात ज्वारीसाठी त्यांच्या आईच्या लग्नातली कळशी मोडीत गेली, असे वहिनी हात न थांबवता म्हणाल्या, "तेव्हापासून भांडं दिसलं की आधी काठ बघतात." मोडीतले तांबे बहुधा भट्टीत जाते, हे त्या चाणाक्ष कारकुनास ठाऊक नाही असे नव्हे. परक्या भाच्यांच्या त्या लांबलचक हकीकती मी हल्ली मुकाट्याने ऐकतो, आणि काठ वाचण्यास कांकूं करीत नाही. तहान तेवढी लागतेच.

वाशीम, रिसोड, कारंजा वा मंगरूळपीर या बाजूस कोणाच्या माळ्यावर, काठावर 'आईकडून' एवढाच मजकूर असलेली आणि बुडाला डाग दिलेली तांब्याची कळशी असल्यास वाचकांनी अवश्य कळवावे. मोडीच्या दुप्पट दर रोख मिळेल; जेवणाचा आग्रह होईल, तो मात्र ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारावा.