स्वस्त ॲम्प्लिफायरची कर्णपरीक्षा

परीक्षण सुरू करण्याआधी हेडफोनचा ॲम्प्लिफायर हातात घेऊन त्याचं वजन जोखावं. हलका लागला तर आवाज पातळ, जड लागला तर भरदार. हे काम कानांवर सोपवलं तर उगाच वेळ जातो. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर आवाजात 'घट्टपणा' असतो. प्लास्टिकची असेल तर 'किंमत पाहता वाईट नाही' एवढंच म्हणावं. हे वाक्य पाठच करून ठेवावं. स्वस्त यंत्राची याहून जास्त स्तुती करणाऱ्याकडे लोक पुन्हा सल्ला मागायला येत नाहीत.

स्वस्त म्हणजे किती, हेही आधी ठरवून घ्यावं. या छंदात स्वस्त म्हणजे ज्याची किंमत घरी खरी सांगता येते असा. महाग म्हणजे जो 'मित्राने ऐकायला दिलाय'.

काही अर्धवट लोक खरेदीआधीच गणित मांडतात. ते टाळावं, कारण त्यात उत्तर येतं. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. हा हेडफोन ३०० ओहमचा, आणि 'याला ॲम्प्लिफायरशिवाय गत नाही' असं ज्याच्याबद्दल नेहमी ऐकू येतं तो. एक मिलिवॉट दिला की साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. फोनला लावायची बोटभर लांबीची वायर, ॲपल अमेरिकेत ९ डॉलरला विकतं तसली, सुमारे एक व्होल्ट देते. एकाचा वर्ग भागिले तीनशे, म्हणजे ३.३ मिलिवॉट. आवाज झाला १०२ डेसिबल. सतत इतक्या आवाजात राहायचं तर अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशी दहा मिनिटांचीही मुभा देत नाहीत. गाण्याची सरासरी पातळी या टोकाच्या बरीच खाली असते आणि वर थोडी जागा शिल्लक लागते, हे खरं. तरी एवढा हिशेब झाल्यावर खरेदीचा उत्साह निम्म्यावर येतो. म्हणून पाटीकडे हात जाऊ देऊ नये. 'हेडफोन याच्यावर जिवंतच होत नाही' असं म्हणून पुढे सरकावं. जिवंत होण्याचं एकक अजून कुणी ठरवलेलं नाही, ही सोय आहे.

आता मुख्य भाग. जुना आणि नवा ॲम्प्लिफायर शेजारी ठेवून तुलना करताना नव्याचा आवाज किंचित चढा ठेवावा. किंचित म्हणजे 'मोठा झाला' असं वाटणार नाही, पण 'मोकळा झाला' असं वाटेल इतका. अर्धा-पाऊण डेसिबल पुरतो. बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते वर येतात. म्हणजे बटण जरासं फिरवलं की तबल्याचा डग्गा भरतो, गायकाच्या गळ्याला वजन येतं आणि मागची टाळी कानाजवळ येते. नव्या ॲम्प्लिफायरबद्दल आपल्याला जे जे लिहायचं असतं ते सगळं या जरासं फिरवण्यातून मिळतं, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

हा सगळा बेत बिघडवणारी एक वस्तू बाजारात मिळते. तिच्यापासून सावध राहावं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, काउंटरवर सोल्डरिंग गन आणि रिमोटच्या ढिगाशेजारी पिवळे मल्टिमीटर टांगलेले असतात. दुकानदार विचारतो, "काय तपासायचंय काका, इन्व्हर्टर?" गाणं तपासायचंय असं सांगितलं की तो मीटर हातात देता देता थांबतो, आणि मग जरा बरा मीटर काढून दाखवतो.

हा मीटर घरी आणला की सगळं संपतं. ५० हर्ट्झचा एकसुरी नाद लावायचा. घरगुती विजेचीही वारंवारता तीच असल्यामुळे साधा मीटरसुद्धा तिथे बरोबर वाचतो. हेडफोन जोडलेला ठेवूनच दोन्ही ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी व्होल्ट मोजायचे आणि बटणं फिरवून आकडे जुळवायचे. जुळणी ०.१ डेसिबलच्या आत हवी. म्हणजे एकाने अर्धा व्होल्ट दाखवला तर दुसऱ्याने ०.४९४ ते ०.५०६ मध्येच बसायला हवं. नुसत्या कानाने हे साधत नाही. 'मी अंदाजाने सारखं केलं' असं म्हणणारा बहुधा आपल्याला आवडलेल्या बाजूला झुकलेला असतो. आकडे जुळल्यावर पुन्हा ऐकलं की मोकळेपणा, वजन, टाळीचं जवळ येणं, सगळंच दोन्हीकडे सारखं वाटू लागतं. ज्यांना लेख पूर्ण करायचा आहे त्यांनी मीटर इन्व्हर्टरलाच लावावा.

कोणत्या गाण्यावर परीक्षा घ्यावी, याबद्दल दोन मतं नाहीत. तंबोऱ्यावर. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात तबला सुरू व्हायच्या आधीचा तुकडा निवडावा, डोळे मिटावेत आणि मान किंचित डावीकडे कलती ठेवावी. मान उजवीकडे कलली तर बघणाऱ्याला झोप लागल्यासारखी दिसते.

तंबोरा ही खरोखर कठीण परीक्षा आहे, आणि इथे जरा थट्टा बाजूला ठेवायला हरकत नाही. मिरजेतले कारागीर घोडीचा माथा, म्हणजे जवारी, घासून घासून तिला असा किंचित बाक देतात की छेडलेली तार तिच्यावर हलकेच टेकत टेकत कंप पावते. वर तारेखाली सुती दोरा केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी खुलते, आणि एकाच तारेतून आधी मूळ स्वर, मग पंचम, मग गंधार असे एकेक वर येऊन विरताना ऐकू येतात. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू येतात ते उपस्वर उमटू नयेत, असं पुस्तकी भौतिकशास्त्र सांगतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लिहिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, आणि त्याचं कारण त्या घोडीच्या बाकात आहे. तेव्हा ज्या यंत्रात काही खोट असेल ते इतक्या बारीक वाद्यापुढे उघडं पडेल, ही अपेक्षा रास्त आहे.

पण इथे परीक्षकाने एक गोष्ट विसरावी. स्वस्त ॲम्प्लिफायर उघडला की आत बऱ्याचदा एनई ५५३२ नावाची आठ पायांची चिप दिसते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेली, किरकोळीत काही रुपयांना मिळणारी. तिला पाहून नाक मुरडण्याची पद्धत आहे; हौशी लोक ती उपटून जागी दहापट महागडी बसवतात आणि 'पडदा बाजूला झाला' म्हणतात. हीच चिप गेली कित्येक दशकं जगभरच्या स्टुडिओंच्या मिक्सरमध्ये ओळीने बसलेली आहे. ज्या तंबोऱ्याच्या जवारीवर आपण या यंत्राची पारख करतोय, तो मायक्रोफोनपासून आपल्यापर्यंत येताना अशा चिपांमधून अनेकदा गेलेला असू शकतो. दोष मात्र शेवटच्या एकीला द्यावा. बाकीच्या हाताला लागत नाहीत.

जुनी मुद्रणं या कामी घेऊ नयेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांमध्ये पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर सुईची खरखर सोडली तर फारसं काही नाही. चांगला ॲम्प्लिफायर ती खरखर अतिशय स्वच्छ ऐकवतो. गीतरामायणाची आठवणही काढू नये. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा लोकांनी ते मिडियम वेव्हवर, एकाच स्पीकरमधून ऐकलं आणि त्यांचं काहीही अडलं नाही, हे या क्षेत्राच्या मुळावर येणारं आहे.

यंत्राचे खरे दोष असतात ते इतके सामान्य असतात की त्यांच्याबद्दल लिहिण्यात प्रतिष्ठा नाही. तरी माहिती असावी म्हणून. गाणं बंद ठेवून कानात घालायचे संवेदनशील इअरफोन लावावेत आणि बटण वर न्यावं. सूं असा आवाज आला तर तो त्या यंत्राचाच. बटण अगदी खाली आणलं की एका कानात गाणं आणि दुसऱ्यात त्याची आठवण, असं होत असेल तर आतलं पोटेन्शियोमीटर स्वस्तातलं आहे. दोन्ही बाजूंचे पट्टे तळाशी जुळत नाहीत. लॅपटॉप चार्जरला असताना बारीक गुणगुण येते आणि चार्जर काढला की जाते, तर दोष अर्थिंगचा. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाला मागे वायर आहे का ते आधी बघावं. आणि हेडफोनच्या ओहमांच्या एक अष्टमांशाहून ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा जास्त असेल, तर काही हेडफोनांचा सूरच बदलतो: कुठे खालचे स्वर फुगतात, कुठे वरचे बसतात. हा फरक मापात दिसतो आणि कानालाही ऐकू येतो. म्हणून परीक्षणात त्याचा उल्लेख सहसा आढळत नाही.

यानंतर यंत्र 'मुरायला' ठेवावं. किमान २०० तास, असं जाणकार सांगतात. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. ऑनलाइन खरेदीची वस्तू परत करण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात दिवसांची असते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध जोडू नये. या काळात ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर जसे होते तसेच राहतात. रोज ऐकून ऐकून सवय होते ती आपल्याला. पण 'मी मुरलो' असं छापून कोण देणार?

साक्षीदार लागतो. स्पीकरच्या परीक्षणात 'स्वयंपाकघरातून हिने विचारलं, आज काय वेगळं लावलंय?' हा पुरावा सर्वमान्य आहे. हेडफोनच्या बाबतीत तो वापरताना जपावं, कारण स्वयंपाकघरात काहीच ऐकू गेलेलं नसतं. तरी अनेक जण वापरतात.

मोजणारे आणि न बघता ऐकणारे हे आपले शत्रू; त्यांचा इतिहासही माहीत असावा. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७च्या अंकात २२० डॉलरच्या यंत्रापासून १२,००० डॉलरच्या जोडीपर्यंत ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. पातळी जुळवलेली होती. कुणालाही ते भरवशाने ओळखता आले नाहीत. तिथलेच कार-ऑडिओ तज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी तर दहा हजार डॉलरचं बक्षीसच लावलं होतं. अट तीच, पातळी जुळवून आणि न बघता ओळखा. ते कुणालाच मिळालं नाही. मग २०११ साली टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओटू नावाचा छोटा ॲम्प्लिफायर आखला, आराखडा सगळ्यांना खुला करून दिला, सुट्या भागांचा खर्च तीसेक डॉलरवर आणला, वर मोजमापंही छापली. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला आणि पुन्हा दिसला नाही. कुणी म्हणेल, योगायोग.

सर्वांत मोठा धोका घरातच असतो. सुट्टीत आलेली, बारावीत संख्याशास्त्र असलेली भाची असेल तर परीक्षण ती निघून गेल्यावर करावं. नाहीतर ती मागे खुर्ची टाकून बसते, हातात वही घेते आणि विचारते, "मामा, आता कोणता?" नाणं उडवून ती यंत्र निवडते, छापा की काटा ते सांगत नाही. सोळा वेळा. बारा बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी, असं ती आधीच सांगून ठेवते. पहिल्या तीन वेळा मामा ताबडतोब उत्तर देतो. सातव्या वेळेला तो गाणं पुन्हा मागून घेतो. अकराव्या वेळेला चहा मागतो.

नऊ बरोबर आले तर पुढील कारणं या क्रमाने द्यावीत: संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, जोडायची वायर साधी आहे, परीक्षेच्या ताणाने कान मिटतात, नऊ म्हणजे निम्म्याहून जास्तच की. शेवटचं कारण भाचीसमोर देऊ नये.

मग ती एखादा दुसरा हेडफोन त्याच ॲम्प्लिफायरला लावते, डोळे मिटायला सांगते, आणि मामा सोळाच्या सोळा बरोबर सांगतो. हेडफोनाहेडफोनात कित्येक डेसिबलचा फरक असतो; तो ओळखायला मान कलती करावी लागत नाही. हा भाग परीक्षणातून गाळावा. हेडफोन बदलायचे तर त्याचं मार्गदर्शन स्वतंत्र आहे, आणि त्यासाठी घरी सांगायची किंमतही वेगळी लागते.

ॲम्प्लिफायरला गुण द्यायचे राहिले. दहापैकी आठ द्यावेत. नऊ पुढच्या वर्षी येणाऱ्या सुधारित आवृत्तीसाठी राखून ठेवावेत, आणि दहा मित्राने ऐकायला दिलेल्यासाठी.